फुप्फुसांतील द्रव : मारक कीं तारक ?

आमच्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या पात्रांत मासा जन्मभर पाण्यांतच श्वास घेतो. परंतु धट्टाकट्टा मनुष्य तेथें कांहीं मिनिटें बुडून राहिला, तर त्याचा प्राण जातो. असें कां व्हावें ? आणि फुप्फुसांत द्रव शिरल्यानें जर मनुष्य मरतो, तर एखादा द्रव रोग्याच्या फुप्फुसांत मुद्दाम घालून त्यास वांचवितां येईल काय ? हा दुसरा प्रश्न प्रथमदर्शनीं वेडगळ वाटेल. परंतु विद्वान डॉक्टरांनीं तो गंभीरपणें विचारला, आणि त्याच्या उत्तरापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. म्हणून त्याची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम फुप्फुसाची रचना पाहूं. श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणें विभागत जाऊन शेवटीं अतिसूक्ष्म वायुकोशांत संपते. हे कोश कोट्यवधि असून त्यांच्या पातळ भिंतींतून ऑक्सिजन रक्तांत शिरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोशांची आंतील बाजू नेहमीं ओलसर असते. आतां चित्रकलेच्या तासाचा एक कुंचला घेऊन पाण्याच्या पेल्यांत बुडवा. पाण्यांत त्याचे केस मोकळे पसरतील. बाहेर काढतांच ते एकमेकांस चिकटतील. म्हणजे ते केवळ ओले झाल्यानें चिकटत नाहींत. पाणी व हवा यांच्या सीमेवर जो ताण असतो, त्यानें चिकटतात. यास पृष्ठताण म्हणतात. हाच ताण वायुकोशांस मिटवूं पाहतो. निरोगी फुप्फुस एक स्निग्ध पदार्थ निर्माण करून हा ताण कमी ठेवतें. १९२९ मध्यें कुर्ट फोन नीरगार्ड यांनीं दाखवून दिलें कीं, फुप्फुस हवेनें फुगविण्यास जितका दाब लागतो, त्याहून पुष्कळ कमी दाबानें तें द्रवानें भरतां येतें. कुंचल्याचा धडा तो हाच.

न्युमोनिया, रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग, पाण्यांत बुडणें, विषारी धूर छातींत जाणें अशा कारणांनीं फुप्फुसास एकाएकीं इजा झाली म्हणजे कोशांच्या भिंती पाझरूं लागतात, तो स्निग्ध पदार्थ निकामी होतो, आणि कोशांमागून कोश मिटतात. या विकाराचें वर्णन डॉ. अ‍ॅशबॉ व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ मध्यें १२ रोग्यांवरून केलें. अशा रोग्यास व्हेंटिलेटर यंत्रानें श्वास द्यावा लागतो. पण यंत्रानें जोरानें हवा भरली, तर जे थोडे कोश चांगले उरले आहेत, त्यांसच इजा पोहोंचते. असा हा दुहेरी पेंच आहे.

तेव्हां हवेऐवजीं द्रवच वापरला तर ? साधें पाणी उपयोगाचें नाहीं. कारण शुद्ध ऑक्सिजनाखालीं ठेवलें तरी १०० घनसेंटिमीटर पाण्यांत तो सुमारें ३ घनसेंटिमीटरच विरघळतो. परंतु कार्बन व फ्लुओरीन यांपासून बनविलेल्या परफ्लुओरोकार्बन नांवाच्या द्रवांत तो सुमारें ५० घनसेंटिमीटर विरघळूं शकतो. १९६६ मध्यें लीलंड क्लार्क व फ्रँक गोलन यांनीं अशा द्रवांत उंदीर बुडवून ठेवले, आणि ते त्यांत श्वास घेत जिवंत राहिले ! १९८९ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें अपुऱ्या दिवसांच्या मरणोन्मुख बाळांवर हा उपाय करून पाहण्यास प्रारंभ झाला. त्यांचीं फुप्फुसें कांहीं काळ सुधारलीं. परंतु पुढें तीं बाळें दगावलीं. १९९१ मध्यें सोपी रीत निघाली : फुप्फुसांत थोडा द्रव घालावयाचा व वरून नेहमींच्या यंत्रानें हवा द्यावयाची. डॉक्टरांस मोठी आशा वाटूं लागली.

परंतु आशा म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ३११ प्रौढ रोग्यांचे तीन गट करून रीतसर तुलना करण्यांत आली व तिचा निकाल २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. नेहमींच्या यंत्रोपचारानें २८ दिवसांत शेंकडा १५ रोगी दगावले. थोडा द्रव दिलेल्यांपैकीं शेंकडा २६, आणि अधिक द्रव दिलेल्यांपैकीं शेंकडा १९. शिवाय द्रव दिलेल्या रोग्यांत छातींत हवा सांठणें, ऑक्सिजन कमी पडणें व रक्तदाब उतरणें हे प्रकार अधिक आढळले. ज्या उपायावर इतकीं वर्षें श्रम झाले, तो प्रौढांच्या बाबतींत बाजूस ठेवावा लागला. तपासणी झाली नसती, तर चांगल्या हेतूनेंच किती रोग्यांचें अहित झालें असतें, याचा विचार वाचकांनीं करावा.

मग तारलें कशानें ? अगदीं साध्या गोष्टींनीं. २००० मध्यें ८६१ रोग्यांच्या तुलनेंत असें दिसलें कीं, यंत्रानें मोठमोठे श्वास देण्याऐवजीं लहान श्वास दिले, तर मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४० वरून ३१ वर येतें. २०१३ मध्यें फ्रान्समधील डॉक्टरांनीं दाखविलें कीं, अत्यवस्थ रोग्यास दिवसांतून १६ तास पालथें निजविलें, तर तें शेंकडा ३३ वरून १६ वर उतरतें. पालथें निजविल्यानें पाठीकडील दबलेले कोश उघडतात, इतकेंच यांतील मर्म.

२०२० व २०२१ या सालीं कोविडच्या सांथींत महाराष्ट्रांत ऑक्सिजनाची जी टंचाई पडली, ती आमच्या वाचकांच्या घरोघरीं अद्यापि स्मरणांत असेल. त्याच काळीं, एप्रिल २०२१ मध्यें, घरीं असलेल्या रोग्यांनींही पालथें निजावें, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें दिली. या उपायास ना मोल पडतें, ना यंत्र लागतें. तरीही तो कोणा एकाच्या तर्कानें नव्हे, तर शेंकडों अत्यवस्थ रोग्यांवरील काळजीपूर्वक परीक्षेनें तशा रोग्यांपुरता सिद्ध झाला होता, हें विसरूं नये. आणि त्यानें बरें वाटलें नाहीं, तर डॉक्टरकडे जाण्यास विलंब लावूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें डॉक्टर व्हाल, कोणी परिचारिका. नवी कल्पना सुचली तर भिऊं नका. उंदराला द्रवांत श्वास घ्यावयास लावणारे तुमच्यासारखेच जिज्ञासू होते. परंतु तीच कल्पना कसोटीस उतरली नाहीं, तर ती मुकाट्यानें सोडण्याचें धैर्यही अंगीं बाणवा. श्वास ही परमेश्वराची देणगी आहे. ती राखण्याचें काम ज्यांच्या हातीं येतें, त्यांस आपल्या आवडत्या मतापेक्षां रोग्याचा प्राण अधिक प्रिय असला पाहिजे.