कऱ्हाडची परीक्षा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. माझी नोकरी साताऱ्यात, सासरही तिथलंच. रस्ता सुरू झाल्या झाल्या मी माहेरी पोचले, तेव्हा माझे वडील, अण्णा, पुस्तकांच्या कपाटासमोर उभे होते. दार उघडत नव्हतं, कारण पुस्तकं फुगून एकमेकांत गच्च बसली होती. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची तर वीट झाली होती, पान पानापासून सुटेना. साध्या कागदाची काही गच्चीवर पसरून वाळवली. शाईच्या पेनाने लिहिलेली नावं आणि तारखा विरघळून गेल्या होत्या. शिसपेन्सिलीच्या खुणा मात्र जशाच्या तशा होत्या.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस वाचायला पुस्तक नाही म्हणून दिवसभर जुनी रद्दी चाळत बसतो, हे मला बघवेना. त्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी आठ इंची टॅबलेट घेतला. वाटलं, वाचायचं एखादं ॲप टाकलं की झालं. पुढची दोन वर्षं ॲप टाकण्यात आणि काढण्यात गेली. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

१. ॲप शोधण्याआधी पुस्तकं कशात आहेत ते बघा.

मी उलटं केलं. आधी चार ॲप उतरवली, मग पुस्तकं गोळा करायला लागले. मराठीत आजही फुकट मिळणारं बरंचसं वाङ्मय पीडीएफमध्ये आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं पीडीएफ, जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पानं पीडीएफ, ओळखीच्यांनी पाठवलेले दिवाळी अंक पीडीएफ. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. पान जसं बसवलं तसंच दिसणार. ईपबचं तसं नाही. तिथे मजकूर मोकळा असतो आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने पडतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, किंडलचं किंडलमध्ये. म्हणजे ही निवड अर्धी आपण करतो आणि अर्धी आपल्या पुस्तकांनी आधीच केलेली असते. अण्णांच्या यादीतली बहुतेक पुस्तकं पीडीएफ निघाली, म्हणून मला पीडीएफ आणि ईपब दोन्ही नीट उघडणारं ॲप हवं होतं. त्यांच्या टॅबलेटवर शेवटी रीडइरा राहिलं. त्यात जाहिराती नाहीत, नावनोंदणी नाही, इंटरनेट लागत नाही.

२. कोणतंही ॲप घ्या, त्याला आधी 'कऱ्हाड' लिहायला लावा.

साताऱ्याहून सांगलीला जाताना वाटेत कऱ्हाड लागतं. एसटीच्या पाटीवर ते नाव हजारदा वाचलं असेल, पण त्यात काय दडलंय ते मला अण्णांनी दाखवलं. पहिल्या ॲपमध्ये एक प्रवासवर्णन उघडून दिलं होतं. दोन पानं वाचून त्यांनी टॅबलेट माझ्यासमोर धरला.

"ह्या पुस्तकात सह्याद्रीत समुद्र कुठून आला?"

मी बघितलं. 'दऱ्या' हवं तिथे सगळीकडे 'दर्या' होतं. अर्धा र चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षराला चिकटण्याऐवजी रफार होऊन डोक्यावर बसला होता. पुढे एका पंगतीच्या वर्णनात 'आचाऱ्यांनी' ऐवजी 'आचार्यांनी' भात वाढला होता. हिंदीला ह्या अर्ध्या र ची गरज पडत नाही, म्हणून हिंदीवर तपासलेलं ॲप मराठीत इथे हमखास ठेचकाळतं.

कारण कळायला मला बरेच दिवस लागले. हा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी रीत, साधा र, हलन्त, आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. ॲपने किंवा फाइल तयार करणाऱ्याने तो जोडक 'फालतू' म्हणून पुसला की दऱ्यांचा दर्या झालाच. याच कारणाने शोधही फसतो. पानावर 'कऱ्हाड' स्पष्ट दिसतंय, शोधायला गेलं की 'सापडले नाही'. फाइल एका रीतीने लिहिलेली, आपला कीबोर्ड दुसऱ्या रीतीने लिहितो. अशा वेळी नुसतं 'हाड' शोधायचं.

मी एक छोटी फाइल करून ठेवली आहे. त्यात एवढेच शब्द आहेत: कऱ्हाड, दऱ्या, ॲप, त्र्यंबक, वाङ्मय, शुक्ल, हृदय, कर्त्यांनी. नवं ॲप आलं की ती फाइल पहिली उघडते. 'ॲ' हे जोडाक्षर न करता एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, म्हणून जुन्या फाँटमध्ये तिथे नुसता चौकोन दिसतो. 'कर्त्यांनी'मधला रफार आणि त्यावरचा अनुस्वार वरच्या ओळीत घुसतो का, तेही बघते. ओळींमधलं अंतर दीडपट करता आलं नाही तर ते ॲप मराठीच्या कामाचं नाही.

फाँट बदलता येतो का, हेही याच बैठकीत तपासावं. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल आणि श यांची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. बऱ्याच उपकरणांत मुळात हिंदी वळणाचे ल-श असतात. त्याने काय बिघडतं, असं मला आधी वाटायचं. पण अण्णांनी पस्तीस वर्षं फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श लिहिला आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फाँट घालून दिला त्या संध्याकाळी त्यांनी चाळीस पानं सलग वाचली. किंडलवरही आता यूएसबीने आपला फाँट घालता येतो.

३. मजकूर खरा आहे की अक्षरांचं सोंग आहे, ते चिकटवून बघा.

पीडीएफमधला एखादा शब्द दाबून धरा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरं आणि खुणांचा भुसा आला तर ते पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे. आणि शब्द निवडताच आला नाही तर पान म्हणजे निव्वळ चित्र. मराठी छपाईचा कित्येक वर्षांचा कारभार जुन्या फाँटांवर चालला, त्यामुळे दिसायला सुबक असलेली पुस्तकंसुद्धा आतून मुकी असतात. त्यात शोध चालत नाही, ती मोठ्याने वाचली जात नाहीत, त्यांचं ईपब होत नाही. हा दोष ॲपचा नव्हे. मी त्यापायी दोन चांगली ॲप काढून टाकली होती.

४. समास कापा.

पीडीएफला वैतागून वाचणं सोडलेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं. माझ्या सहा इंची किंडलचा पडदा आडवा जेमतेम ३.६ इंच. अख्खं पान दाखवलं तर अक्षर पासष्ट टक्क्यांवर येतं, म्हणजे बारा पॉइंटचं आठ पॉइंटचं होतं. पण चारी बाजूंचा कोरा कागद कापला तर मजकूर सव्वाचार इंचच उरतो, आणि तेच अक्षर दहा पॉइंटचं दिसतं. आठ आणि दहा यांत डोळे दुखण्याचा आणि न दुखण्याचा फरक आहे. कोरीडर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर अँड्रॉइडवरही चालतं, ते समास आपोआप कापतं. स्कॅन केलेल्या पानातून शब्दांची चित्रं सुटी करून नव्या ओळीही लावून देतं. जुन्या दाट छपाईत उकार-वेलांट्या कधी तुटतात, पण तरीही वाचता येतं.

५. ज्याने वाचायचं त्याच्या अंगठ्याकडे बघा.

डिसेंबरात अण्णांचा फोन. "तुझं यंत्र रोज संध्याकाळी विझतंय." चार्जिंग होतं, टॅबलेट चालू होता, पडदा मात्र काळाठिक्कर. मी तीन तास एसटीत बसून गेले आणि समोर बसून नुसती बघत राहिले. अण्णा टॅबलेट डाव्या हातात वहीसारखा धरायचे. अंगठा कडेवर. तेव्हाच्या ॲपमध्ये डाव्या कडेवरून बोट खाली ओढलं की उजेड कमी व्हायची सोय होती. त्यांचा अंगठा वाचता वाचता नकळत खाली घसरत होता. सेटिंगमध्ये एक खूण काढली आणि दुखणं संपलं.

त्यानंतरच्या सुट्टीत आम्ही त्यांना भिलारला नेलं. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत पुस्तकांची कपाटं लावलेली आहेत. एका ओसरीवर अण्णांनी पुस्तक काढलं, खुर्ची उन्हात ओढली आणि वाचायला लागले. कुणाला काही विचारावं लागलं नाही. परत आल्यावर मी त्यांचं ॲप तसं करायचा प्रयत्न केला. उघडलं की यादी नको, जिथे सोडलं ते पानच समोर यावं. आवाजाच्या बटनाने पान उलटावं. बाकी सगळे इशारे बंद.

६. विकत घेतलेलं पुस्तक आपल्या ताब्यात आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

एका ॲपवर मी वीस-बावीस पुस्तकं घेतली होती. नाव लिहीत नाही. फोन बदलला, जुना नंबर केव्हाच बंद झालेला, आणि ओटीपी त्याच नंबरवर जात राहिला. मदतीला केलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. कपाटातली पुस्तकं कृष्णेने नेली, ही एका ओटीपीने नेली. दुसऱ्या वेळी जास्त लागलं, कारण यात पूर नव्हता.

मोठ्यांच्या घरीही हेच होतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान मिटलं. लोकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आणली, त्याचा मला मनापासून आनंद आहे, आजही घेते. पण २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घ्यायची सोय त्यांनी काढली. म्हणून आता माझा नियम असा: बिनकुलपाचं ईपब मिळत असेल तर दहा-वीस रुपये जास्त मोजूनही तेच घ्यायचं.

ज्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही ती पुस्तकं तर निर्धास्त साठवावीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. देवल १९१६ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये, त्यांची नाटकं मोकळी आहेत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत राखीव. सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचं २०३६ संपेपर्यंत. मराठी विकिस्रोतावर जे ग्रंथ आहेत ते ईपबमध्ये उतरवून घेता येतात. ते सगळं कॅलिबर नावाच्या संगणकावरच्या कपाटात लावायचं. कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ मध्ये ते सुरू केलं, आणि अजून फुकट आहे.

७. शब्दकोशाची फार आशा धरू नका.

इंग्रजीत शब्द दाबला की अर्थ येतो. मराठीत 'वाड्यातल्यांनासुद्धा' दाबलं तर कोशाला त्यातला वाडा सापडत नाही, कारण प्रत्यय सोडवायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. निवडलेला शब्द ब्राउझरकडे पाठवता आला तर पुरे. तिथे मोल्सवर्थचा कोश आहे आणि वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आहेत. अण्णा शब्द बघायला म्हणून जातात आणि तासभर विश्वकोशातच रमतात.

८. मोठ्याने वाचून दाखवायची सोय आधीच लावून ठेवा.

अण्णांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन बंद होतं. गूगलचा मराठी आवाज आणि ईपब यांवर ते दिवस निघाले. पीडीएफ ऐकायला दिलं तेव्हा प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मधोमध येत होता. त्यांनी ते दहा मिनिटांत बंद करायला लावलं.

९. टिपा कुठे राहतात ते विचारा.

हा प्रश्न मी सगळ्यांत उशिरा विचारला. अण्णा वाचताना खुणा केल्याशिवाय राहत नाहीत. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, तेव्हा ते टॅबलेट आणि चष्म्याचं घर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विश्रामबागेत आत्याकडे गेले. धावपळीत टॅबलेट पडला आणि काच फुटली. पुस्तकं कॅलिबरमध्ये होती, नव्या टॅबलेटवर तासाभरात घालून दिली. खुणा आल्या नाहीत. बहुतेक ॲप खुणा आणि टिपा पुस्तकाच्या फाइलमध्ये न लिहिता आपल्या स्वतःच्या वहीत ठेवतात, आणि ती वही फुटलेल्या टॅबलेटमध्येच राहिली होती.

अण्णा काही बोलले नाहीत. २०१९ च्या पुरातून वाचलेलं एक पुस्तक त्यांनी आत्याच्या टेबलावर उघडून ठेवलं, समासातल्या पेन्सिलीच्या रेघांवरून बोट फिरवत. मी त्याच दिवशी ॲपची राखीव प्रत आपोआप गूगल ड्राइव्हवर जाईल अशी सोय केली. आता दर रविवारी त्यांच्या टिपांची साधी मजकुराची फाइलही ते मला मेलने पाठवतात. गेल्या रविवारच्या फाइलमध्ये अकरा टिपा होत्या. त्यातली चौथी एका नव्या ईपबमधल्या 'दर्या'बद्दल आहे, पान क्रमांकासकट, आणि ती प्रकाशकाला कळवायचं काम माझ्याकडे आहे.