वातानुकूलन यंत्रावरील तारे कसे वाचावेत?

सिडकोने वसवलेल्या करंजाडेत आता अनेक घरांतून वातानुकूलन यंत्र दिसते. ते घेताना आपण तारे मोजतो. खरे मोजमाप मात्र लेबलवरील आकड्यात असते.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांचे तारांकन सुरू झाले. वातानुकूलन यंत्राचा गुणांक ‘आयएसईईआर’ म्हणून ओळखला जातो. हंगामभरात खोलीबाहेर काढलेल्या उष्णतेला खर्च झालेल्या विजेने भागले की तो मिळतो. ४,००० युनिट उष्णता काढण्यास ५ गुणांकाचे यंत्र ८०० युनिट वीज घेते, तर ४ गुणांकाचे १,००० युनिट.

हा हिशेब २४ ते ४३ अंश बाह्य तापमान व वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरतो. पनवेलच्या दमट हवेत यंत्राला बाष्पही काढावे लागते. म्हणून लेबलवरील वार्षिक वीजवापर समान क्षमतेच्या यंत्रांच्या तुलनेसाठी घ्यावा. त्यावरून बिल ठरवू नये.

शिवाय निकष बदलतात. २०१८ मध्ये स्प्लिट यंत्राला ४.५ गुणांकावर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्यासाठी किमान ५ गुणांक आवश्यक झाला. त्यामुळे ४.६ गुणांकाचे जुने पंचतारांकित यंत्र २०२२ च्या निकषाने चार ताऱ्यांचे ठरले. वापरलेले यंत्र घेणाऱ्या कुटुंबाची फसगत होते ती येथेच.

पालकहो, आधी लेबलवरील वर्ष पाहावे, मग गुणांक आणि शेवटी तारे. हा भागाकार आपल्या पाल्याकडूनच करून घ्यावा.