ऐन की अर्जुन?

मुलांनो, कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर तुम्हांला ऐनाची झाडे दिसतील. खाली उतरून उल्हास किंवा पाताळगंगा नदीच्या काठाने चाला. तेथे पाण्याजवळ अर्जुन भेटेल. ही दोन झाडे अगदी जवळची नातलग आहेत. हिरडा आणि बेहडा हेही त्यांचेच भाऊबंद!

नावांनीही आपली फसगत होते. ऐनाला सादडा म्हणतात आणि अर्जुनाला अर्जुनसादडा. मग ही झाडे ओळखायची कशी?

प्रथम खोड पाहा. ऐनाची साल काळपट असते. तिला उभ्याआडव्या खोल भेगा असतात. जणू मगरीची पाठच! अर्जुनाची साल मात्र गुळगुळीत आणि फिकट राखाडी असते. तिचे पातळ पापुद्रे गळून पडतात.

पण केवळ सालीवर विसंबू नका. लहान ऐनाची साल तितकी भेगाळलेली नसते. म्हणून उन्हाळ्यात झाडाखाली पडलेले फळ उचला. दोन्ही फळांना पाच पंख असतात. पंखावरच्या रेषा नीट पाहा. ऐनाच्या फळावर त्या मधल्या भागापासून कडेपर्यंत आडव्या जातात. अर्जुनाच्या फळावर त्या वर वळलेल्या असतात.

तुम्ही म्हणाल, "एवढी बारकाई कशाला?" अर्जुनाची साल आयुर्वेदात हृदयविकारावर वापरतात. चुकीच्या झाडाची साल आणली, तर रोग्याला औषध मिळत नाही आणि झाडाला मात्र जखम होते. खोडाभोवतीची साल सगळीकडून काढली, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळून जाते. ऐनाचाही उपयोग मोठा आहे. त्याचे लाकूड मजबूत असते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, म्हणजे राब करताना, शेतकरी त्याच्या फांद्या वापरत आले आहेत.

म्हणून मित्रांनो, एका खुणेवरून निर्णय घेऊ नका. जागा, साल आणि फळ या तिन्हींची साक्ष घ्या. झाडाला इजा न करता त्याची ओळख करून घ्या. ओळख पटली, की जपणूक आपोआप होते.

शब्दार्थ : भाऊबंद – नातेवाईक, फसगत – फसवणूक, पापुद्रा – पातळ थर, विसंबणे – अवलंबून राहणे, इजा – जखम.

स्वाध्याय : १. ऐन व अर्जुन यांच्या सालींतील फरक सांगा. २. चुकीच्या झाडाची साल काढल्यास कोणाकोणाचे नुकसान होते?