तेल कुठून आलं, ते आधी विचार

वर्धा,
अक्षय्य तृतीया

प्रिय भाचेबुवा,


काल ताईचा फोन होता. उस्ताद आता टॅपेट कव्हरचं काम तुझ्या एकट्यावर सोपवणार आहेत म्हणे. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, प्लगच्या नळीत तेल, आणि सिग्नलला उभी राहिली की मिसिंग. काम लहान आहे, पण मेकॅनिक कसा आहे ते अशाच कामात कळतं. फोनवर सांगितलेलं हवेत जातं, म्हणून लिहून पाठवतोय. मामा वर्ध्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतो असं म्हणालास तरी चालेल, पण कागद टूलबॉक्समध्ये ठेव.

आधी प्लगच्या नळीवरचं सील तिथे आहे कशाला, ते समजून घे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला ही भानगडच नव्हती. तिचे प्लग हेडच्या बाजूला, उघड्यावर. पुढे एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट अशी इंजिनं घरोघरी आली. त्यात प्लग बसतो सिलिंडरच्या बरोबर मधोमध, म्हणजे ठिणगी पडली की ज्योत चहूकडे सारख्याच अंतरावर पोचते. पण मधोमध म्हणजे दोन कॅमशाफ्टच्या मध्ये, जिथे सतत तेल उडत असतं. त्या तेलातून प्लगपर्यंत कोरडी वाट हवी म्हणून नळी, आणि नळी जिथे टॅपेट कव्हरला भेटते तिथे ही रबरी कडी. काही रुपयांची वस्तू, पण ती ढिली पडली की आख्खी गाडी गचके खाते.

आता मुख्य गोष्ट. तेल दिसलं की पाना उचलायचा नाही. तेल कुठून आलं ते आधी विचारायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपल्या धंद्यात रोज होतं.

कॉईल काढून टॉर्च मारून नळीत बघ. पाणी असेल तर वॉशिंग सेंटरवाल्याने प्रेशरचा पाइप इंजिनावर धरलेला असतो, सीलचा दोष नाही. तेल असेल तर प्लग काढल्यावर त्याची दोन्ही टोकं नीट बघ. तेल फक्त वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर आणि आट्यांच्या बाहेर असेल, टोक मात्र कोरडं, तर दुखणं सीलचं. टोकच तेलाने ओलं आणि कार्बनने काळं असेल, तर तेल सिलिंडरच्या आतून येतंय. तिथे व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा तपासाव्या लागतात. या दोन आजारांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नळीतलं तेल दाखवून "साहेब, इंजिन गेलं" असं सांगणारे लोक या धंद्यात आहेत. तू त्यांच्यात बसू नकोस.

स्कॅनरवर पी ०३०२ आला तर त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. का आहे, ते स्कॅनर सांगत नाही. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावून बघ. कोड ०३०३ झाला तर कॉईलच खराब. तेलात भिजून कॉईलचं रबरी बूट फुगतं, मऊ पडतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने हेडला उडते. असं बूट पुसून परत लावू नकोस, बदल. आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गिऱ्हाइकाला "अजून दोन दिवस चालवा" म्हणू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो गेला की बिल बघून माणूस खाली बसतो.

उघडताना घिसाडघाई नको. तुमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढेही जातो. त्यात समृद्धी महामार्गावरून १२० च्या वेगाने आलेली गाडी दारात येऊन बंद झाली, की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडची उष्णता उतरण्याऐवजी थोडा वेळ चढते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम असताना प्लग फिरवलास तर प्लगबरोबर आटेही बाहेर येतील. गाडी संध्याकाळी घे, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी उघड. उस्ताद रागावले तर रागावू देत.

प्लग सैल करण्याआधी नळीतलं तेल सिरिंजने ओढून घे, कापडाने टिपून घे, मग कोपऱ्यात साचलेली धूळ कॉम्प्रेसरने उडव. डोळ्यांवर चष्मा हवा. कोराडीच्या वीज केंद्राकडून रोज येणाऱ्या गाडीत धुळीसोबत राखही असते. हे न करता प्लग काढलास तर तेल आणि कचरा सगळं थेट पिस्टनवर.

कव्हर काढलंस की लाकडाच्या फळीवर उलटं ठेव. काही गाड्यांत हे सील कव्हरमध्ये दाबून बसवलेलं असतं, काहींत नळीवर नुसती कडी असते, काहींत पॅकिंगबरोबर एकाच तुकड्यात येतं, आणि काहींत कव्हरच नवं घ्यावं लागतं. जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय आणि ओठ कोणत्या बाजूला आहे, मोबाइलवर फोटो काढून ठेव. मग अंगठ्याने दाबून बघ. चांगलं रबर दबून परत वर येतं. तुझ्या हातातलं उन्हात विसरलेल्या पापडासारखं कडक निघेल, वाकवलं की तुटेल. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांपर्यंत बरं टिकतं, अ‍ॅक्रिलिक १५० च्या आसपास, व्हायटॉन २०० पर्यंत. दुकानात तिन्ही काळीच दिसू शकतात. म्हणून सील कंपनीचं किंवा नावाजलेल्या मेकचंच घे. डुप्लिकेट सील पहिल्या दिवशी छान बसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी परत दारात उभी करतं.

काढताना पेचकस सीलच्या रबराला लाव, कव्हरच्या कडेला नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तेलाला कायमची वाट मिळाली. कव्हर प्लास्टिकचं असेल तर तडाच जाईल. खाच पुसून कोरडी कर. नवं सील बाहेरच्या कडेच्या मापाची गोटी ठेवून सरळ दाब, त्यावर थेट हातोडी नको. आतल्या ओठाला बोटाने थोडं इंजिन ऑईल लाव, म्हणजे कव्हर नळीवर उतरताना तो दुमडणार नाही. दुमडलेलं सील वरून दिसत नाही, गाडी गेल्यावर दिसतं.

सीलंटची ट्यूब बघून हात शिवशिवतात, माहीत आहे. पण अति तेथे माती. चेन कव्हर आणि हेड जिथे जुळतात त्या सांध्यावर मॅन्युअल सांगेल तेवढाच थेंब. पॅकिंगभर फासलेल्या सीलंटचे धागे आत सुटतात आणि ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. तेल थांबवायला गेलास आणि इंजिनचंच तेल तोडलंस, असं होईल.

बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत कस. लहान इंजिनांत हा टॉर्क बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण त्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघ. १० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर. तुझ्या दंडाला तो जोर वाटणारच नाही, म्हणून टॉर्क रेंच लाव. जास्त कसलं की कव्हर वाकतं, आणि वाकलेलं कव्हर नव्या सीलला दाद देत नाही.

इथे काम संपलं असं पोट्ट्यांना वाटतं. तुला वाटू नये. सील उष्णतेने कडक झालं की आतल्या दाबाने हरलं, हे अजून ठरायचं आहे. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघ. बहुतेक व्हॉल्व्ह खडखडतात. आवाज नसेल तर घाणीने चोंदलाय. मग क्रँककेसमधला वायू कोंडतो आणि तेलाला जिथून फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. असा व्हॉल्व्ह तसाच ठेवून सील बदललंस तर आज प्लगच्या नळीतून, उद्या क्रँकच्या सीलमधून गळेल. आणि सगळं ठीक असूनही नळीत परत तेल आलं, तर ते वरून नसून नळीच्या खालच्या टोकातून येतंय. तिथे ती हेडमध्ये बसते, काही इंजिनांत ओ-रिंगवर, काहींत सीलंटवर. म्हणून गाडी देताना नळ्या कोरड्या करून दे आणि आठवड्याने गिऱ्हाइकाला पाच मिनिटांसाठी बोलाव. पुन्हा एकदा कॉईल काढून टॉर्च मारायचा, बस.

जुनी सीलं फेकू नकोस. गिऱ्हाइकाच्या हातात दे, वाकवून तोडायला सांग. "यामुळे मिसिंग होती, इंजिन तुमचं ठणठणीत आहे" एवढंच बोल. नागपूरचा माणूस बोलायला मोकळा असतो; फसवलंस तर चौकभर सांगेल, खरं सांगितलंस तरी चौकभरच सांगेल.

नवतपाचं कडक ऊन महिनाभरावर आलंय. दुपारी पत्र्याच्या शेडखाली गाडीखाली शिरू नकोस, डोक्याला दुपट्टा बांध, आणि ताईने डब्यात दिलेला कांदा खात जा. काम झालं की कळव. "झालं" एवढंच नको. तेल वरून आलं होतं की खालून, आणि ते कशावरून ठरवलंस, तेही लिही.

कळावे,
तुझा मामा