पहिला बर्फ आणि साखरेचा थर



दसरा-दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात ट्रेकला जाण्यासाठी यंदाही काही विद्यार्थ्यांनी परवानगी मागितली आहे. "तेव्हा बर्फ थोडाच असतो, मग धोका कसला?" असे एका पालकांनी आम्हाला विचारले. भोपाळकरांना बर्फ दिसतो तो उसाच्या रसात, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे.

परंतु ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थानाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनात सापडली. २५ हून अधिक जण प्राणास मुकले. त्यात शिकणारे होते, तसेच कसलेले प्रशिक्षकही होते.

आम्ही हिंदीतून भूगोल शिकलो तेव्हा 'हिमस्खलन' एवढा शब्द पाठ केला होता. बर्फाला थर असतात, हे कोणी सांगितले नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

बर्फाखालची जमीन साधारण ०° सेल्सिअस असते. समजा, वरचा पृष्ठभाग रात्री उणे १२° झाला. थर २ मीटर जाड असेल तर फरक दर मीटरला ६° येतो. थर फक्त ४० सेंटीमीटर असेल तर? गणित करा : दर मीटरला ३०°! हा फरक १०° च्या वर गेला की खालची वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे होतात. म्हणजे पातळ बर्फच आतून अधिक कच्चा होतो. सावलीच्या, उत्तरेकडील उतारावर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. पुढे त्यावर नवा बर्फ पडला, किंवा वाऱ्याने आणून टाकला, की ओझे वाढते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग एका माणसाचे पाऊलही पुरते. पायाखाली 'धप्प' असा आवाज येणे किंवा बर्फाला तडा जाणे, ही मागे फिरण्याची खूण आहे.

जाणकार खड्डा खणून ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब कापतात, वर फावडे ठेवून थापट्या मारतात : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या दहातच थर सरकला तर उतार कच्चा समजावा. मात्र खांब टिकला म्हणून सारा डोंगर पक्का ठरत नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तरच वाचण्याची आशा मोठी असते. इतक्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. म्हणून संमतीपत्र देण्यापूर्वी आयोजकांना आम्ही तीन गोष्टी लेखी विचारणार आहोत : वाटेतील उतार किती अंशांचे, चंडीगढच्या डी.जी.आर.ई. संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज कोण पाहणार, आणि मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा. उत्तर आले नाही तर शाळेची परवानगी नाही. विश्वस्त मंडळासही आम्ही तसे कळवले आहे.

सातवी-आठवीच्या मुलांनी घरी प्रयोग करावा. ताटात आधी मैदा दाबून बसवा, दुसऱ्या ताटात मैद्याखाली साखरेचा थर द्या. दोन्ही ताटे हळूहळू तिरपी करा आणि कोनमापकाने कोन मोजा. सोमवारी आकडे वहीत लिहून आणा. साखर आईला विचारूनच घ्यावी.