आधी विचारा, मग आराखडा



मी वास्तुकलेची विद्यार्थिनी. सारोळ्याजवळच्या एका कातकरी वाडीसाठी घराचा आराखडा करायचा, हा माझा अभ्यासविषय होता. निसर्गाशी जुळणारे घर म्हणून मी कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचे लिंपण आणि वर गवत असे चित्र काढून नेले.

वाडीतल्या आजींनी ते पाहिले आणि विचारले, “ताई, तू राहशील का यात?”

मी गप्प झाले. मग त्यांनीच समजावले. कारवी पश्चिमेच्या डोंगरात. ती आणायची तर मजुरीचे दिवस मोडतात. कुडाला वाळवी लागते, फटीतून साप-विंचू येतात. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. लिंपायला वेळ कुठला? पण पत्र्याचे घरही नको; उन्हाळ्यात आत बसवत नाही.

परतल्यावर मी लॉरी बेकर यांचे काम अभ्यासले. 1917 साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे क्वेकर पंथीय वास्तुविशारद 1945 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले. घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी शिरते.

ही बचत महत्त्वाची आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत अशा कुटुंबाला घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. तेवढ्यात सगळे बसवायचे असते.

दुसऱ्या आराखड्यात पोकळ विटांच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे पडवी आणि अंगणातले झाड तसेच ठेवलेले. आजी म्हणाल्या, “विटा तर आम्हीच थापतो. लोकांची घरं झाली त्यांची. आता आमचं होऊ दे.”

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे दिली आहेत. माझ्या पहिल्या चित्रात झाडे होती, माणूस नव्हता. मदत करणाऱ्याने आधी विचारावे, मग पेन्सिल उचलावी, हा धडा मला वाडीने दिला.

मंडळीत चर्चेसाठी:
1. आपण देतो ती मदत घेणाऱ्याला विचारून ठरते का?
2. आपल्या घराच्या विटा कोणी थापल्या, आणि त्यांचे स्वतःचे घर कसे आहे?