उंदराचं दुखणं कसं मोजतात?

प्रश्न : गुडघा धरला की आमची आई निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधते. ठणका उतरतो, वर झोपही छान लागते. निर्गुडीच्या अर्काचा उंदरांवर वेदनाशामक आणि शामक परिणाम दिसला, असं नुकतंच वाचनात आलं. उंदीर काही ‘आता बरं वाटतंय’ असं सांगत नाही. मग हे ठरवतात कसं? आणि आईचा पाला त्यातून सिद्ध झाला असं म्हणायचं का?

उत्तर : दुखतंय का हे उंदराला विचारता येत नाही, म्हणून दुखण्याऐवजी मोजता येईल अशी एखादी हालचाल पकडायची, एवढीच यातली युक्ती. सगळ्यात जुनी आणि साधी पद्धत तापलेल्या पत्र्याची. धातूचा पत्रा साधारण ५५ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवतात, त्यावर उंदीर सोडतात आणि हातात घड्याळ घेऊन बसतात. काही सेकंदांतच तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो. मॉर्फिन दिलेला उंदीर हेच करायला बराच जास्त वेळ घेतो. अर्क दिलेल्या उंदराचे सेकंद मग या दोघांच्या शेजारी मांडून पाहायचे. एक मर्यादा आधीच ठरलेली असते. तेवढे सेकंद झाले की उंदीर हलो न हलो, त्याला उचलायचंच, नाहीतर पाय भाजतील. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. अशा प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी लागते ती त्यासाठीच.

दुसरी चाचणी शेपटीची. शेपटीवर उष्ण किरण सोडले की ती झटकन बाजूला होते. हा झटका मुख्यतः मणक्यातल्या मज्जारज्जूच्या पातळीवरच घडतो, तर पंजा चाटायला मेंदूचा सहभाग लागतो. त्यामुळे एका चाचणीत फरक पडला आणि दुसरीत नाही, तर औषध कुठे काम करतंय याचा अंदाज येतो. तिसऱ्या पद्धतीत पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचतात आणि उंदीर किती वेळा अंग ताणून पिळवटतो ते मोजतात. ही चाचणी फार हळवी आहे. ज्यांचा वेदनेशी संबंध नाही अशी औषधंही हिच्यात ‘पास’ होतात. तरीही कमी खर्चात होते म्हणून वनस्पतींवरच्या शोधनिबंधांत ती हटकून भेटते.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती फॉर्मॅलिनची चाचणी. पंजात सौम्य फॉर्मॅलिन टोचलं की उंदीर पहिली काही मिनिटं पंजा सारखा चाटतो. मग थोडा वेळ शांतता. आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाटणं सुरू होतं. पहिली कळ नस थेट चेतवली गेल्याची असते, तर दुसऱ्या कळेमागे मुख्यतः सूज असते. मॉर्फिन दोन्ही कळा दाबतं, ॲस्पिरिनच्या जातीची औषधं प्रामुख्याने दुसरी. अर्क नेमकी कोणती कळ दाबतो यावरून तो कुणाच्या कुळातला हे कळतं.

आता खरी गोम. गुंगी आलेला उंदीरही पंजा चाटत नाही. त्याचं दुखणं थांबलंय की नुसता हात-पाय हलवायचा जोर गेलाय? म्हणून त्याला एका फिरत्या दांडीवर चढवतात. दांडीवर तोल सांभाळून चालत राहिला आणि तरी पत्र्यावर उशिरा पंजा चाटला, तरच वेदनाशमनाचं नाव घ्यायचं. दोन मिनिटांत दांडीवरून घसरला, तर आधीचे सगळे आकडे संशयास्पद. शोधनिबंध हातात पडला की मी आधी ही दांडी शोधतो. ती नसेल, तर निष्कर्षाचा मथळा कितीही जाड अक्षरांत असो.

शांतपणा तपासणं याहून अवघड. त्यासाठी जमिनीपासून उंचावर अधिकचिन्हाच्या आकाराची फळी असते. तिच्या दोन बाहूंना भिंती, दोन उघडे. उंदीर स्वभावतःच भिंतीआड राहतो. डायझेपाम दिलं की तो उघड्या बाहूवर जास्त वेळ काढतो, म्हणजे भीती उतरलीय असं मानतात. दुसरा मार्ग झोपेचा. पेंटोबार्बिटोन देऊन उंदीर झोपवायचा आणि अर्कामुळे झोप किती लांबते ते पाहायचं. पण इथे यकृत फसवतं. झोपेचं औषध मोडून काढायचं काम यकृताचं. अर्काने यकृताचाच वेग मंदावला, तरी झोप लांबते, आणि त्यात मेंदू शांत झाल्याचा काहीच पुरावा नसतो.

निर्गुडीचं म्हणाल तर १९९९ साली भारतीय संशोधकांनी तिच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क उंदरांवर वापरला. पेंटोबार्बिटोन, डायझेपाम आणि क्लोरप्रोमाझिन या तिन्हींनी येणारी झोप त्याने लांबली, मॉर्फिनचा वेदनाशामक परिणामही वाढला. २००३ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी जून, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क मोठ्या उंदरांना पाजून सूज आणि वेदना दोन्ही कमी झाल्याची नोंद केली. तेव्हा झाडात काहीतरी आहे, हे म्हणायला जागा आहे.

पण तुमच्या आईचा पाला यातून सिद्ध होत नाही. उंदरांच्या शरीरात अर्क गेला आणि आई पाला बाहेरून बांधते, तोही गरम करून. शेकाने गुडघा मोकळा होतो हे खरंच, पण तेवढं गरम पाण्याच्या पिशवीनेही होतं. पाल्याचं श्रेय वेगळं काढायचं तर काही रुग्णांना निर्गुडी बांधा, काहींना तितकाच गरम केलेला दुसरा कुठला पाला, आणि कुणाला काय बांधलंय हे कळू देऊ नका. निर्गुडीचा तो उग्र वास लपवणार कसा, हा प्रश्न मात्र मी तुमच्यावर सोपवतो. शिवाय ‘आईने बांधलंय’ याचाही काही गुण असतोच, तो कुठल्या रकान्यात टाकायचा?

उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला कसा असतो ते सर्पगंधेवरून कळतं. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी तिचा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. ते दिलेला उंदीर एका जागी बसून राहतो, पापण्या खाली येतात. तो शांत झालाय असं वाटेल, पण रिसर्पिनने त्याच्या चेतापेशींमधले सिरोटोनिन, डोपामिनसारखे निरोप्यांचे साठे रिकामे केलेले असतात. पुढे हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनतेने घेरल्याच्या नोंदी येऊ लागल्या, आणि तोच पापण्या मिटलेला उंदीर उदासीनतेवरची नवी औषधं तपासायला कामी आला.

प्रश्न : मग निर्गुडीचा काढा करून प्यायला हरकत नाही ना?

उत्तर : आधी हिशोब पाहा. उंदराचा दर किलोमागचा डोस माणसाला लावताना साधारण बाराने भागतात. असे प्रयोग बरेचदा किलोमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत जातात. साठ किलोच्या माणसाला ते सुमारे दोन ग्रॅम पडतं. ते दोन ग्रॅमही पाल्याचे नव्हेत, द्रावक उडवून उरलेल्या चिकट अर्काचे. घरच्या पातेल्यात किती पानांतून किती अर्क उतरला, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि घरात कुणी झोपेची गोळी घेत असेल, तर वर सांगितलेला १९९९चा प्रयोग त्यांनी नीट वाचावा. झोप लांबली ती गोळी आणि अर्क एकत्र आल्यावरच. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढ्याला हात लावू नये. बाहेरून बांधण्यापुरतं आईचं चालू द्या, फक्त कातडी भाजेल इतका पाला तापवू नका.